ठेव मोडू नका

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचा आवाज चढतो, आई मध्ये पडते आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. बाबा, क्रिप्टोत झालेला माझा तोटा भरून द्यायला ठेव मोडू नका. अर्ज भरला असेल तर फाडून टाका. तो पैसा मी घेणार नाही, हे ठरलंय. दादाच्या वेळी तुम्ही दोघांनी जे केलं ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच घेणार नाही. क्रिप्टोतले फ्यूचर्स, म्हणजे नाणं न घेता त्याच्या भावाच्या चढ-उतारावर केलेले सौदे, मात्र मी पूर्ण सोडलेले नाहीत. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.

त्या रात्रीचं मी अर्धंच सांगितलं होतं. लिव्हरेज 20 पट होतं, मी लावलेल्या पैशाच्या, मार्जिनच्या, 20 पट मोठा सौदा. म्हणजे भाव 5 टक्के उलटा गेला की लावलेलं मार्जिन संपतं. एक्सचेंज, म्हणजे जिथे हे सौदे होतात ती कंपनी, तर त्याच्या जरा आधीच सौदा कापतं. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला तोट्यातला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, लावलेला होता. भाव जवळ आला तेव्हा मीच तो खाली सरकवला. परत जवळ आला, परत सरकवला. तिसऱ्यांदा काढूनच टाकला. मार्जिन क्रॉसवर होतं, त्यामुळे खात्यातली उरलेली शिल्लकही त्या एकाच सौद्याने ओढून घेतली. सकाळी भाव होता तिथे परत आला होता आणि खातं रिकामं होतं. आई, माझी दिशा चुकली नव्हती गं, माप चुकलं होतं.

बाबा, तुम्ही रात्री हिशेबाची वही उघडायचात आणि मी शेजारी बसून पट्टीने लाल रेघा मारायचे. रेघ वाकडी गेली तरी तुम्ही ती तशीच ठेवायचात. तशी वही मी आता घातली आहे. सौद्याआधी लिहायचं: कुठे शिरणार, कुठे बाहेर पडणार, चुकलं तर किती जाणार. एका सौद्यात भांडवलाच्या 1 टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही. स्टॉप 4 टक्के लांब असेल तर सौदा भांडवलाच्या पावपटच घ्यायचा. असं केलं तर लागोपाठ दहा सौदे चुकले तरी 90 टक्के हातात राहतात. दर वेळी 10 टक्के घालवले असते तर 35 उरले असते, आणि तिथून मूळ रकमेवर यायला उरलेले पैसे जवळजवळ तिप्पट करावे लागले असते. मार्जिन आता आयसोलेटेड ठेवते, म्हणजे एका सौद्याची आग दुसऱ्या पैशाला लागत नाही. दिवसात दोन तोटे झाले की लॅपटॉप बंद. लावलेला स्टॉप लांब सरकवायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर आहे.

तरी धोका उरतोच, तो लपवत नाही. 12 मार्च 2020 ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला होता; अशा पडझडीत स्टॉप हव्या त्या भावाला लागेलच असं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्सचेंज दिवाळखोरीत गेलं तेव्हा ज्यांनी सौदेच केले नव्हते त्यांचेही पैसे अडकले. म्हणून एक्सचेंजवर मी तेवढंच ठेवते, जेवढं बुडालं तरी घरभाडं आणि विम्याचा हप्ता चुकणार नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात आहे आणि नोकरी चालू आहे. जेवते वेळेवर. झोपतेही, कारण फोन रात्री दुसऱ्या खोलीत असतो.

आता माझं ऐका. बाबा, भाव दाखवणारं ते ॲप आजच काढा. रात्री दोनला उठून माझ्यासाठी बिटकॉइन बघता, हे आईने सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. खात्रीने नफ्याच्या टिप्स देणाऱ्या त्या ग्रुपमधूनही बाहेर पडा. खात्री देणाऱ्याला एक पैसाही पाठवायचा नाही, मला भरून द्यावं म्हणून तर मुळीच नाही. रागावले नाहीये, बाबा. तुम्ही ते कशासाठी करत होतात ते कळतं मला.

आई, गोळी त्यांनी घेतली का ते विचारू नकोस, समोर बसून दे. गुडघा दाखवायचा तू किती दिवस पुढे ढकलणार आहेस? या आठवड्यात जा. बीपी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा, रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. रविवारी फोन करते तेव्हा आकडे वाचून दाखवा.

तुमची,
छोटी