काकांकडे जायच्या आधी

राजेंद्रनगर, इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चर्चला जातेस ना?" मी "हो" म्हटलं आणि गाडी लगेच आईच्या गुडघ्यांवर गेली. मला अजून सांगायचं होतं, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. म्हणून हे पत्र.

जाते मी. व्हाइट चर्चला, 1858 सालच्या. उपासना हिंदीत असते. प्रभूची प्रार्थना सगळे हिंदीत म्हणतात तेव्हा मी ओठातल्या ओठात मराठीतच म्हणते. शेजारच्या बाई एकदा वळून बघत होत्या.

पण सांगायचंय ते रविवारचं नाही, पहाटेचं. इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत जागं राहायचं. ती वेळ मी प्रार्थनेला धरली आहे. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंय तसं दार लावून घेते. तसंही उघडं ठेवलं तर यांची झोप मोडते. पूर्वी माझी प्रार्थना म्हणजे मागण्यांचा अर्जच असायचा: याची दहावी, यांची बदली, आईचे गुडघे. ते अजूनही मागतेच, पण शेवटी. आधी 51 व्या स्तोत्रातली एक ओळ घेते, "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर," आणि तिथेच थांबते. नाथान संदेष्टा दाविद राजाचं पाप त्याच्या तोंडावर बोलून गेल्यावरचं दाविदाचं हे स्तोत्र तुम्हीच आम्हाला जेवणानंतरच्या प्रार्थनेत शिकवलंत. तेव्हा माझं लक्ष ताटातल्या उरलेल्या पापडाकडे असायचं.

मग काय होतं? बहुतेक दिवशी काही होत नाही. डोक्यात ऑफिसचं जीएसटी रिटर्न येतं, मोटरचा आवाज बदलला का असं वाटतं, परत ओळीवर यायचं. उपास-प्रार्थनेला लोक कसे ढसाढसा रडतात! मला तसं रडू येत नाही. आणि देवाने काय केलं याची मंडळीसमोर साक्ष देणाऱ्यांचं सगळं एका रात्रीत कसं होतं, व्हिसासुद्धा, कोण जाणे. माझं फार हळू चाललंय. पण परवा नातू तुमचा म्हणाला, "आई, हल्ली नगरचा फोन ठेवल्यावर तू भांडी आपटत नाहीस." पोरं काय काय टिपत असतात.

नगरचा फोन म्हणजे घराच्या वाटणीचा. प्रभूची प्रार्थना म्हणताना मी अडते ती तिथेच: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." काका डोळ्यांसमोर येतात. ओळ गिळून पुढे जायचं म्हटलं तर पुढचं काही मनापासून निघत नाही.

ऑफिसमधल्या एका केरळी मैत्रिणीबरोबर मी उदयनगरला जाऊन आले. देवास जिल्ह्यात आहे. सिस्टर राणी मारियांची कबर आहे तिथे. त्या तिथल्या आदिवासींमध्ये काम करायच्या, त्यामुळे सावकारांचं दुखत होतं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 2017 साली इथे इंदुरातच त्यांना 'धन्य' जाहीर केलं, म्हणजे कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी. आपण प्रॉटेस्टंट, हे आपल्यात नाही, ठाऊक आहे मला. मी गेले ते त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी. तीही सिस्टर. 2002 साली ती तुरुंगात गेली आणि मारेकरी समुंदर सिंहला तिने राखी बांधली. तो 2006 ला सुटला, आणि पुढे त्याच कबरीवर जात राहिला.

बाबा, एक लक्षात घ्या. माफ केलं म्हणून त्याची शिक्षा टळली नाही. अकरा वर्षं तो आत होताच. म्हणून मी तुम्हाला दावा मागे घ्या म्हणत नाही. दोन खोल्या तुमच्या आहेत, कागद तुमच्या बाजूने आहेत, कोर्ट काय ते ठरवेल. पण दावा चालू असताना सख्ख्या भावाला सलाम करता येतो. तुम्ही दोघं एकाच मंडळीत एकाच प्रभुभोजनाला जाता आणि एक डावीकडच्या बाकांवर, एक उजवीकडच्या. आम्ही पोरं लहानपणापासून काकांच्या खांद्यावर वाढलो, आम्हाला कुठल्या बाकावर बसायचं ते कळत नाही.

तेव्हा कळवते ते असं: 23 डिसेंबरच्या रात्रीच्या बसने आम्ही निघतोय. नाताळ तुमच्याकडे. 26 ला मी काकांकडे जाणार आहे. तुमच्या पाठीमागे जायचं नव्हतं, म्हणून आधी लिहिलं. तुम्ही चिडलात तरी मी जाईन, पण माझी इच्छा आहे की तुम्ही बरोबर यावं. आत यायला नको वाटलं तर रिक्षात बसा, मी सांगेन बाबा खाली आहेत म्हणून.

आई, बाबा तुला म्हणतील, "तू यात पडू नकोस." तू पड. काकूंसाठी वेगळ्या डब्यात करंज्या काढून ठेव. आणि बाबांची शुगर नाताळच्या आधी तपासून घे, नंतर तपासून काय उपयोग? इथली लसणाची शेव आणते आहे, बाबांना मोजून द्यायची.

तुमची लेक