‘यशस्वी’ हा शब्द दहाव्या दिवशी लिहू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत एका तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. कण्याचा एका बाजूला गेलेला बाक ७० अंशांवरून २० अंशांवर आला, उंची पाच सेंटिमीटरने वाढली आणि दहाव्या दिवशी मुलगी चालत घरी गेली, एवढे सांगून शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ झाल्याचे बातमीत म्हटले होते. त्या मुलीच्या आईवडिलांना काय वाटले असेल, हे मला पुरते ठाऊक आहे. १९८४ च्या मे महिन्यात, नववीची परीक्षा संपल्यावर, मुंबईतील एका रुग्णालयात माझ्याही कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि आमच्या घरीही पेढे वाटले गेले होते. त्या वेळी बसवलेली धातूची सळई चाळीस वर्षांहून अधिक काळ पाठीत वागवल्यानंतर त्या एका शब्दाबद्दल मला काही सांगावेसे वाटते.

माझा उजवा खांदा वर चढला आहे, हे घरातील कोणाच्याही आधी आमच्या शिंप्याच्या लक्षात आले. गणवेशाचे माप घेताना त्याने आईला सांगितले, की मुलीच्या पाठीला एका बाजूने फुगवटा आहे, फ्रॉक सरळ बसणार नाही. एक्स-रेवर बाक ६२ अंश भरला. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांच्या कडांवर रेषा ओढून त्यांच्यातील कोन मोजण्याची ही पद्धत अमेरिकेतील जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. छातीच्या भागातील बाक ५० अंशांच्या पुढे गेला, की मुलीची वाढ थांबल्यावरही तो बहुधा वर्षाला साधारण एका अंशाने वाढत राहतो. त्यामुळे माझ्यावर शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय योग्यच होता आणि ज्यांनी ती केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

माझ्या पाठीत बसवलेली सळई हॅरिंग्टन यांच्या पद्धतीची होती. ह्यूस्टन येथे पोलिओ झालेल्या मुलांवर उपचार करताना पॉल हॅरिंग्टन यांनी ती घडवली आणि १९६२ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. बाकाच्या दोन टोकांना पोलादी आकडे अडकवायचे आणि मोटारीच्या जॅकप्रमाणे दातेरी सळईवर ते एकमेकांपासून दूर सारत न्यायचे, म्हणजे कणा ताणला जाऊन सरळ होतो. मात्र सुरुवातीच्या काही रुग्णांत मणके न जोडता केवळ सळई बसवली, तेव्हा सळया तुटल्या आणि आकडे निसटले. म्हणून मणक्यांच्या पाठीमागचे सांधे खरवडून त्यांवर हाडाचे तुकडे पसरतात, आणि पुढील सहा महिने ते वर्षभरात ते सारे मणके मिळून एकच हाड होते. शस्त्रक्रियेचे मूळ काम हेच आहे. सळईने फक्त तोवर कणा धरून ठेवायचा असतो. हाड जुळले नाही, तर कितीही चांगला धातू रोजच्या वाकण्या-उठण्याने थकतो आणि एक दिवस मोडतो. दहाव्या दिवशी हे हाड जुळायला जेमतेम सुरुवात झालेली असते. त्या दिवशी डॉक्टरांना, रुग्णाला किंवा बातमीदाराला त्याविषयी काहीही कळणे शक्य नसते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या होत्या. ‘उद्या झोपेत मी तुला हाक मारीन, तेव्हा दोन्ही पायांची बोटे हलवायची,’ असे सांगून त्यांनी माझ्याकडून ते तीनदा करून घेतले. सळई ताणताना मज्जारज्जूला इजा झाली का, हे ओळखण्यासाठी रुग्णाला मध्येच अर्धवट जागे करण्याची ही चाचणी फ्रान्समधील स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली होती. मला त्यातले वेदनेचे काहीही आठवत नाही, पण लांबून आलेली ती हाक आठवते. आज डोक्यापासून पायापर्यंत विजेचे सूक्ष्म संकेत पाठवून मज्जारज्जूवर शस्त्रक्रियाभर लक्ष ठेवता येते. कुठल्याही वेगळ्या कारणाशिवाय वाढत्या वयात बाक आलेल्या मुलांमध्ये मज्जातंतूंना इजा होण्याचे प्रमाण आता शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे. ही प्रगती मोठी आहे आणि तिची बातमी अवश्य व्हावी.

हाडाचे तुकडे माझ्या कमरेच्या हाडातून काढले होते, आणि पाठीपेक्षा ती जागाच कितीतरी दिवस अधिक दुखत राहिली. त्यानंतर नऊ महिने मी काखेपासून मांड्यांपर्यंत प्लॅस्टरच्या जॅकेटमध्ये होते. आत घामोळे आले, की आई विणकामाची सुई वरून सरकवून खाजवून द्यायची. दहावीचे अर्धे वर्ष मी पालथे पडून वाचले. जॅकेट निघाले तेव्हा बाक ३० अंशांवर स्थिरावला होता. हे सारे आकडे मला माहीत आहेत ते केवळ वडिलांनी ते रोजनिशीत टिपून ठेवले म्हणून.

पुढची पंचवीस वर्षे मी नोकरी केली, दोन मुलांना जन्म दिला आणि पाठीचा विचारही फारसा केला नाही. चाळिशीनंतर मात्र संध्याकाळी मांड्या भरून येऊ लागल्या. ओट्याशी उभी राहिले, की गुडघे आपोआप वाकत आणि ते सरळ केले, की धड पुढे झुकत असे. कारण समजायला तीन डॉक्टर लागले. माणसाचा कणा समोरून पाहिला तर सरळ असावा लागतो, पण बाजूने पाहिला तर कमरेत त्याला आतल्या बाजूने पोकळ वळण असावे लागते. त्या वळणामुळेच डोके ओटीपोटाच्या बरोबर वर राहते. ताणणाऱ्या सळईने माझा बाक कमी केला, तसे कमरेचे ते नैसर्गिक वळणही सपाट केले. माझे मणके कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत जोडलेले आहेत. खालच्या मणक्यांमधील उरलेल्या दोन चकत्यांनी इतकी वर्षे साऱ्या पाठीची कसर भरून काढली आणि त्या झिजल्यावर तोल गेला. हा दोष १९७० च्या दशकातच लक्षात आला होता. मणके जितके खालपर्यंत जोडावेत तितकी पुढे कंबरदुखी अधिक, हे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील डॉक्टरांनी १९८३ मध्ये, म्हणजे माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या वर्षी, लिहिले होते. यासाठी मी कोणालाही दोष देत नाही. त्या काळी आमच्याकडे उपलब्ध असलेले ते सर्वोत्तम साधन होते.

मला दुःख आहे ते दुसऱ्या एका गोष्टीचे. प्लॅस्टर निघाल्यानंतर दोन वर्षांनी मला तपासणीला बोलावणे बंद झाले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले, तेव्हा त्या रुग्णालयात माझी फाइल मिळाली नाही. पाठीत कोणता धातू आहे, हेही कोणी खात्रीने सांगू शकत नसल्यामुळे एमआरआय करावा की नाही यावरच महिना गेला. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी मात्र हॅरिंग्टन पद्धतीने शस्त्रक्रिया केलेल्या १५६ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा शोध घेतला आणि त्यांतील बहुतेकांना तपासले. त्यांना आढळले, की बहुतेकांचा बाक टिकून होता आणि त्यांचे जगणे इतर लोकांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणजे माझ्यासारख्यांची संख्या त्यांच्यात कमी होती, आणि हे वाचून मला आनंदच झाला. पण आपल्याकडे माझ्यासारख्या किती आहेत? माझ्या वॉर्डात त्या महिन्यात आणखी तीन मुली होत्या. त्यांच्या पाठींचे पुढे काय झाले, हे त्यांच्या डॉक्टरांनाही ठाऊक असण्याची शक्यता मला कमी वाटते.

वैद्यकशास्त्राने हा प्रामाणिकपणा पूर्वी दाखवलेला आहे. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या रसेल हिब्स यांनी १९११ मध्ये कण्याच्या क्षयासाठी प्रसिद्ध केली आणि लवकरच ती बाकासाठीही होऊ लागली. १९४१ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने बाकावर उपचार घेतलेल्या ४२५ रुग्णांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी ६९ टक्के रुग्णांचे अंतिम निकाल मध्यम किंवा वाईट असल्याचे छापून टाकले. आपल्याच कामाविषयी असे लिहिणे सोपे नसते. पुढची साधने घडली ती पूर्वीचे निकाल असे मोजले गेले म्हणून.

आजच्या पद्धतीत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी पेडिकल स्क्रू, म्हणजे मणक्याच्या हाडातच घट्ट बसणारे स्क्रू, बसवतात आणि दोन सळया कमरेच्या पोकळ वळणाप्रमाणे टेबलावरच वाकवून घेतात. त्यामुळे माझ्यासारखी सपाट पाठ होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे, प्लॅस्टर गेले आहे आणि मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभी राहतात. तरीही जंतुसंसर्ग, हाड न जुळणे, जोडलेल्या भागाच्या लगतच बाक पुढे वाढणे, स्क्रू चुकीच्या जागी बसणे या गुंतागुंती संपलेल्या नाहीत, आणि त्यांतील अनेक दोन-पाच वर्षांनी समोर येतात. मोठ्या माणसांत तर चित्र फारच वेगळे असते. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियातील १५ केंद्रांत कण्याच्या अवघड विकृतीवर शस्त्रक्रिया झालेल्या २७२ प्रौढांची एक पाहणी झाली. तीत घरी जाताना सुमारे २२ टक्के रुग्णांच्या पायांतील ताकद आधीपेक्षा कमी झालेली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. माझ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना एका तरुण शल्यविशारदाने हेच आकडे एक्स-रेच्या पाकिटामागे लिहून दाखवले आणि मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढून कंबर पुन्हा वळवण्यात काय काय बिघडू शकते, हे तासभर समजावून सांगितले. मी तूर्त शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. त्या तासाभरात मला जो विश्वास मिळाला, तो कोणत्याही बातमीने मिळाला नसता.

नव्या तंत्रांविषयी तर अधिक सावधपणे लिहावे लागेल. मणके न जोडता दोरीने बाक आवरण्याच्या साधनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये मर्यादित परवानगी दिली. ‘पाठ लवचिक राहते’ हे त्याचे आकर्षण खरेच आहे, पण काही वर्षांत ती दोरी तुटल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मणके जोडण्यापेक्षा अधिक आहे. बाक लहान असतानाच लक्षात आला, तर ब्रेसने, म्हणजे धडाभोवती बाहेरून घालायच्या ताठ पट्ट्याने, काम भागू शकते, हेही अशा बातमीत एका ओळीत यायला हवे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातील पाहणीत ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला, तर न वापरणाऱ्यांत ४८ टक्क्यांचा. मुलीला पुढे वाकायला सांगून मागून पाठ पाहिली, तर बरगड्यांचा उंचवटा घरच्या कोणालाही दिसतो. आमच्या शिंप्याने तेवढेच पाहिले होते.

रुग्णालयांना माझी विनंती आहे, की घरी सोडताना प्रत्येक कुटुंबाला एक कागद द्यावा. कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जोड केला, स्क्रू आणि सळया कोणत्या धातूच्या व कोणत्या कंपनीच्या, शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा कोन किती, बाजूने काढलेल्या एक्स-रेत कमरेचे वळण किती राहिले आणि पुन्हा केव्हा यायचे, हे त्यावर असावे. स्क्रूच्या पाकिटांवरची लेबले केसपेपरला चिकटवतातच, त्यांची एक प्रत पालकांना देणे अवघड नाही.

आणि संपादक महाशय, आपल्याला विनंती ही, की त्या मुलीच्या घरी आपला वार्ताहर दोन वर्षांनी पुन्हा पाठवावा आणि नंतर ती पंचविशीची झाल्यावर आणखी एकदा. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसले का, हे त्याने विचारावे. तिला जमिनीवर बसून रांगोळी काढता येते का, बुटाची नाडी ती कशी बांधते, सकाळी पाठ किती वेळ ताठरलेली असते, उभे राहताना गुडघे वाकतात का, हे तिलाच विचारावे आणि ती जे सांगेल ते पहिल्या बातमीएवढ्याच जागेत, तिच्या छायाचित्रासह छापावे.

आपली विश्वासू,
एक जुनी वाचक, सातारा