डीएनआर होते, उपचारबंदी नव्हती

महोदय,

महासाथीच्या काळातील रुग्णालयांवरचा कालचा लेख वाचला. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनी ते दिवस आतून पाहिले आहेत, त्याबद्दल आदरच आहे. पण डीएनआरवर, म्हणजे हृदय बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये या सूचनेवर, सही केलेल्या रुग्णांमुळे कर्मचाऱ्यांवरचा भार थोडा हलका झाला, हे त्यांचे वाक्य काही घशाखाली उतरले नाही. भार हलका झाला म्हणजे नेमके काय करायचे सोडून दिले, तेही लिहायचे होते!

माझ्या वहिनींना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट श्वसनविकार होता. लाट ऐन भरात असताना त्या दाखल झाल्या आणि पूर्ण शुद्धीत त्यांनी सांगितले की हृदय बंद पडले तर छाती दाबू नका. सीपीआरमध्ये छाती पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबतात. आपल्या ठिसूळ बरगड्यांचे काय होईल, हे त्या जाणून होत्या. नकार होता तो एवढ्यालाच. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, नेब्युलायझर नको, असे त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या.

फाइलवर शेरा पडला आणि त्यांची खाट कोपऱ्यात गेली. भेटीला बंदी होती. व्हिडिओ कॉलवर पाहतो तर मास्क हनुवटीवर उतरलेला, नेब्युलायझरची नळी खाटेखाली लोंबतेय, मॉनिटरच्या जागी नुसता स्टँड. विचारले, तर सिस्टर म्हणाल्या, ‘‘त्यांचं डीएनआर आहे ना हो, मॉनिटर पलीकडच्या पेशंटला लावलाय.’’ हे वहिनींच्या उशाशी उभे राहून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्या सिस्टरवर माझा राग नाही. पीपीई किटमध्ये घामाने निथळत त्या एकट्या अख्खा वॉर्ड सांभाळत होत्या. मॉनिटर कमी पडले तर ज्याची जास्त निकड त्याला द्या, आणि तसे घरच्यांना सांगा. पण निकड रुग्णाची प्रकृती बघून ठरवायची की सही बघून? वहिनी त्याच आठवड्यात गेल्या. मॉनिटर असता तर वाचल्या असत्या, असा माझा दावा नाही. उतरलेला मास्क वर करायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही. बिलात तो मॉनिटर शेवटच्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालू होता, हे जाता जाता. त्याबद्दल केलेल्या अर्जाला अद्याप उत्तर नाही.

हे एकट्या आमच्याच वाट्याला आले असेही नाही. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि देखभाल सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने मार्च २०२१ मध्ये अहवाल काढला. रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी न बोलताच सीपीआर न देण्याचा निर्णय झाल्याची ५०८ प्रकरणे तिथल्या देखभाल संस्थांनीच कळवली होती. आमच्याकडे निदान वहिनींना विचारले तरी होते, म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे!

लेखकमहाशयांनी पुढच्या लेखात एवढेच सांगावे की डीएनआरच्या रुग्णाकडे दर पाळीला कोण फिरकत होते आणि त्याची नोंद कुठे आहे.

– एक जुना वर्गणीदार

ता. क. : मागच्या वेळी माझे पत्र निम्मे कापले होते. या वेळी कापायचेच असेल तर डॉक्टरांबद्दलच्या आदराचे वाक्य कापा, बिलाचे नको.