तो वाडा नव्हे, चर्च!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेवरचा लेख वाचला. लेख बरा आहे, पण फोटोखाली 'किल्ल्यातील पडका वाडा' असं छापलंय. अहो, तो वाडा नव्हे! ते वसईचं सेंट जोसेफ चर्च. पोर्तुगीज त्याला 'मात्रिझ' म्हणत, म्हणजे गावचं थोरलं पॅरिश चर्च.

माझी थोरली मुलगी वसईला दिली आहे. तिच्याकडे गेलो की किल्ल्यात एक चक्कर ठरलेली. पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. जुनी भिंत दिसली की हात लावून पाहायची खोड काही जात नाही. वाडा म्हटला की मधे चौक आणि चारी बाजूंना सोपे. इथे आहे एकच लांबट दालन, टोकाला वेदीची मोठी कमान आणि पुढे उंच मनोरा. छप्पर केव्हाच गेलंय. मनोऱ्यातला गोल जिना इतका अरुंद की आमचे जावईबापू निम्म्यातूनच खाली उतरले. (त्यांचं पोट, दुसरं काय!)

हे चर्च मूळचं १५४६ चं, पोर्तुगालच्या राजाच्या हुकमाने बांधलेलं. १६०१ मध्ये ते नव्याने उभारलं. हे साल दरवाजावरच्या दगडातच कोरलंय, सोबत तेव्हाचे आर्चबिशप मेनेझिस आणि इथले पाद्री गाल्व्हाव परेरा यांची नावं. मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं, एवढंच.

आणि वसईचा दगड म्हणाल तर गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या भिंती तिथल्या जांभ्याच्या, पण दर्शनी बाजूचं कोरीवकाम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात. घरचा जांभा असताना कारागिराने तो का मागवला, हे ज्याने जांभ्यावर छिन्नी चालवली असेल त्याला विचारा.

१७३९ च्या वेढ्यात आपले मल्हारराव होळकरही होते, म्हणून इंदूरच्या वाचकाला हे ठाऊक असायला हवं. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत काय गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्या त्याच्या फोटोखाली मुंबईच्या एखाद्या पेपराने 'जुनी कचेरी' छापलं, तर तुम्हीच अग्रलेख लिहाल.

तेव्हा दुरुस्ती छापावी, आणि जरा ठळक टायपात. चश्म्याचा नंबर वाढलाय.

एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर