बाँडचा मृत्यू कथेला धरूनच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘नो टाइम टू डाय’च्या अखेरीस जेम्स बाँडला मारायला नको होते, असे हिरिरीने सांगणारे चाहते सांगलीत आजही भेटतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला उघडली, तोवर चित्रपटाचा शेवट सर्वतोमुखी झाला होता. त्यामुळे आपल्याकडे धक्का कमी आणि वादच जास्त झाला.

१९६२ पासून पडद्यावर असलेला नायक अजिंक्यच हवा, हा आक्षेप मला पटत नाही. आधीच्या बहुतेक बाँडपटांत एका चित्रपटातील घटनांचे ओझे पुढच्यावर फारसे नसे. याउलट बाँड साकारणाऱ्या डॅनियल क्रेगच्या २००६ पासूनच्या पाच चित्रपटांत प्रेम, विश्वासघात आणि वार्धक्य यांचा धागा सलग चालतो, आणि ज्या विषाणूसदृश अस्त्राची बाधा बाँडला झाली आहे ते पत्नीसमान मॅडलिन व लहानग्या मुलीला स्पर्शानेही मारू शकते, हे कळल्यावर त्याने क्षेपणास्त्रे आदळणार असलेल्या बेटावरून न निघणे त्या धाग्याला धरूनच आहे. (क्षेपणास्त्रे येईपर्यंतचे संभाषण मात्र थोडे लांबले, हे मान्य.)

शिवाय श्रेयनामावलीनंतर ‘जेम्स बाँड परत येईल’ अशी पाटी येतेच. शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये मारणाऱ्या कॉनन डॉयल यांनी त्याला दहा वर्षांनी जिवंत परत आणले होते. क्रेगच्या बाँडला मात्र तसे कोणी उठवू नये. नव्या नटाने नवी कथा सुरू करावी.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली