साहिल रविवारी आला होता

प्रिय चिनू,

रविवारी तू मला खोटं बोलायला लावलंस. साहिल दारात उभा, तू आतल्या खोलीत, आणि मी त्याला म्हणाले, ‘बाहेर गेलाय रे.’ त्याची नजर खाली तुझ्या बुटांवर गेली. ओल्या बुटांवर. मग तो म्हणाला, ‘बरं काकी, सांगा आलो होतो म्हणून.’ हातातली पिशवी त्याने माझ्याकडे दिली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेला.

तेव्हापासून मला चैन नाही. बोलायला बसले तर तू ‘आई, नंतर’ म्हणशील, म्हणून हे लिहून डब्याच्या पिशवीत ठेवतेय. मधल्या सुट्टीत वाच.

तू त्या दिवशी म्हणालास, ‘तो आयटीआयला, मी सायन्सला. आता बोलायचं तरी काय?’ भांडुपला तू सीएसएमटीच्या बाजूची गाडी पकडतोस, तो मुलुंडसाठी समोरच्या फलाटावर उभा राहतो. पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलात. फलाट बदलला आणि बोलणं संपलं?

तुला हे ऐकवायचा मला एक हक्क आहे. हीच चूक मी केलेली आहे. आजवर तुला सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटत होती.

तुझे आजोबा गिरणीत होते हे तुला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. मी तेव्हा पाच वर्षांची. त्यांना पुन्हा कामावर कुणी घेतलं नाही. घर चाललं ते आजीच्या खाणावळीवर. गिरणगावात अशा खाणावळी चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. आजी कुठल्याही मंडळात गेली नाही. तिच्याकडे दोन स्टोव्ह, एक परात आणि मी, एवढंच होतं.

मी आठवीत असल्यापासून सकाळचे डबे माझ्याकडे. लालबागहून परळच्या रेल्वे वर्कशॉपपर्यंत. दोन्ही हातांत चार-चार. डब्याच्या कडीची तार बोटांत रुतायची, शाळेत पोचले तरी वळ तसाच असायचा आणि पहिल्या तासाला पेन धरवायचं नाही. अंगाला मसाल्याचा वास यायचा, तो वेगळाच. मुली बाक बदलून बसायच्या. विजू एकदा माझी बोटं बघत बसली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या चाळीच्या जिन्याखाली उभी. तिचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, घरात दर महिन्याला पगार येणारा, तिला या कामाची काही गरज नव्हती. चार डबे तिने उचलले. पुढची अडीच वर्षं उचलले. वर्गात मात्र कुणाला कळू दिलं नाही.

दहावीच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत दंगली झाल्या, संचारबंदी लागली, शाळा बंद. आमच्यात गाइड एकच होतं, माझ्याकडे. संचारबंदी सुटली की तासाभरात ती धावत यायची, आम्ही पानं उतरवून घ्यायचो.

मी पास झाले, रुपारेलला गेले. विजू गणितात आणि इंग्रजीत राहिली. ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि दादरला एका साड्यांच्या दुकानात लागली. पुढे निकाल लागला तेव्हा पुन्हा राहिली होती.

दिवाळीच्या आधी मी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर रानडे रोडवर होते. विजू दुकानाच्या पायरीवर उभी राहून गिऱ्हाइकं बोलावत होती. तिने मला पाहिलं, हसली, हात वर केला. बरोबरीच्या मुलीने विचारलं, ‘ओळखीची आहे?’ मी ‘नाही गं’ म्हणाले आणि चालू लागले.

तो वर केलेला हात मी विसरलेले नाही. पण त्यानंतर तिच्याकडे जायला मला तोंड नव्हतं. नोकरी लागली, 2003ला लग्न होऊन भांडुपला आले. तिचंही लग्न झाल्याचं आजीकडून कळलं. विजू दर संक्रांतीला आजीकडे तिळगूळ घेऊन जायची. मी यायच्या आधी येऊन जायची, एवढं मात्र पाळायची.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 73. लालबागला आजीला वाटत होतं, नेहमीचा पाऊस. मी साकीनाक्याच्या ऑफिसातून साडेतीनला निघाले. गाड्या बंद, बस बंद, फोन लागत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांनी धरलेल्या दोरीला धरून, असल्फामार्गे घाटकोपर गाठायला रात्रीचे नऊ वाजले. पुढे भांडुपपर्यंत चालायची ताकद उरली नव्हती. तिथे माझ्या ओळखीचं एकच माणूस राहत होतं. आजीने कधीतरी सांगितलेली पंतनगरातल्या इमारतीची खूण आठवत, अंधारात विचारत विचारत गेले.

दार विजूनेच उघडलं. हातात मेणबत्ती. बारा वर्षांनी मला बघत होती. म्हणाली, ‘केस पूस आधी.’

वरणभात वाढला. भातावर मला ताक लागतं, तेही न विचारता पुढे आलं. माझा घास उतरेना. मीच म्हणाले, ‘विजू, त्या दिवशी दादरला…’ तिने थांबवलं नाही, सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, ‘फार वाईट वाटलं होतं. दोन दिवस जेवले नाही.’ ‘मग?’ ‘मग काय, संक्रांत आली. तुझ्या आईकडे गेले.’

तीच ही तुझी विजूमावशी. तुझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात रात्र जागली ती, आणि आजी शेवटी केईएममध्ये होती तेव्हा माझ्या जोडीने पाळी लावली ती. बाबांशी माझा संसार बावीस-तेवीस वर्षांचा, पण त्यांना मी डबे पोचवणारी मुलगी ऐकून माहीत आहे. विजूने ती पाहिलेली आहे. ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणतात, बरं वाटतं. पण मन खचलं की मी तिलाच फोन करते, कारण तिला पहिल्यापासून काही सांगावं लागत नाही. अशी माणसं नंतर मिळत नाहीत रे. कॉलेजात चांगले मित्र मिळतील, मिळायलाच हवेत, पण सहावीत तू वर्गात रडलास तेव्हा ते नव्हते. साहिल होता. त्याने तुझं दप्तर घरापर्यंत आणलं होतं, मी दार उघडलं होतं.

आणि आयटीआयचं काय घेऊन बसलास? दोन वर्षांत तो इलेक्ट्रिशियन होऊन कमवायला लागेल, तू तेव्हा नुकता बारावी झालेला असशील. पण समजा नाही झाला, तरी काय?

मला बारा वर्षं लागली, तीही पावसाने दारात नेऊन सोडलं म्हणून. तिचं लग्न मी पाहिलं नाही. तिचे वडील गेले तेव्हा मी गेले नाही. ते आता कुठून भरून काढू?

साहिलने दिलेली पिशवी चपलांच्या कपाटावर ठेवली आहे. त्याच्या ताईची अकरावी सायन्सची पुस्तकं आहेत, पहिल्या पुस्तकाला त्याने नवं कव्हर घालून तुझं नाव लिहिलंय. तो येऊन गेल्याचा निरोप तुला दिला. तुझा निरोप मात्र मी त्याला देणार नाही. संध्याकाळी तो साडेपाचच्या सुमारास मुलुंडहून उतरतो.

तुझी,
आई