वरची ए-प्लसची बटणं काय करायची, खालचा फॉर्म भरता येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकरोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शेतकऱ्यांचे अर्ज, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असली कामं दिवसभर चालू असतात. खरं सांगायचं तर सरकारी वेबसाईट लोकांना स्वतः वापरता येत नाहीत म्हणूनच आमच्यासारख्यांची दुकानं चालतात, त्यामुळे हे पत्र लिहून तुम्ही आपल्याच पोटावर पाय देताय असं घरून ऐकून घेतलंय. पण रोज जे बघतो ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्याकडे एक मुलगा येतो, पूर्ण अंध, एम.ए. करतोय. मोबाईलवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर; एनव्हीडीए तर फुकट मिळतं आणि मराठीसुद्धा वाचून दाखवतं. त्यांच्यावर व्हॉट्सॲप, यूपीआय, अभ्यास सगळं स्वतःचं स्वतः करतो. सरकारी फॉर्म मात्र माझ्याकडून भरून घेतो. मी म्हटलं, नेमकं अडतं कुठे ते दाखव तरी, तर त्याने एक सरकारी पोर्टल उघडून आवाज स्पीकरवर टाकला. नुसतं "एडिट ब्लँक, एडिट ब्लँक, बटन, ग्राफिक" चाललेलं, आता यातली स्वतःच्या नावाची चौकट कुठली आणि वडिलांच्या नावाची कुठली हे त्याला कळणार कसं, कारण पडद्यावर शेजारी नाव लिहिलंय पण कोडमध्ये ते त्या चौकटीला जोडलेलंच नाही. तालुक्याची यादी माऊसशिवाय उघडत नाही. चूक झाली की चौकट लाल होते, बस, तोंडाने कोणी काही सांगत नाही. आणि हे सगळं पार करून गेलं की शेवटी कॅपचा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची, त्याच्या बाजूला स्पीकरचं चिन्ह आहे पण दाबलं तरी आवाज नाही. मग काय, तो पासवर्ड आणि ओटीपी मला सांगतो, दुकानात माणसं उभी असताना, मोठ्याने. सायबर पोलीस सांगतात ओटीपी कोणाला सांगू नका आणि इथे सिस्टीमच सांगायला लावते, कमाल आहे ना.

म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं. आमच्या भागात नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले बरेच काका आहेत, आयुष्यभर नोटा बारकाईने तपासलेली माणसं, त्यांना अडाणी म्हणायची सोय नाही. पण जन्मतारीख टाईप करता येत नाही, कॅलेंडरमधूनच निवडायची, आणि बाण दाबत दाबत १९४८ पर्यंत मागे जायचं म्हणजे हात थरथरणाऱ्या माणसाने काय करायचं? तोवर सेशन एक्स्पायर, परत पहिल्यापासून सुरू. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं कोणाला आवडतात देव जाणे, मोतीबिंदू झालेल्याला ती दिसतच नाहीत. वयाने बोटांचे ठसे झिजतात, ते मशीनवर येत नाहीत, हा आणखी एक ताप.

याद्या आणि आदेशांचं तर विचारूच नका. कागदाची प्रिंट काढायची, सही करायची, परत स्कॅन करून पीडीएफ चढवायची. स्क्रीन रीडरसाठी तो नुसता फोटो. काही जुन्या फाईली युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या, आधीच्या फॉन्टमधल्या, त्या वाचायला लावल्या तर भलतीच अक्षरं ऐकू येतात. मूळ टाईप केलेली फाईल कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असतेच की, तीच टाका ना.

आणि गंमत अशी की यातल्या बहुतेक साईटवर वरच्या पट्टीत अक्षरं मोठी-लहान करायची ए-प्लस, ए-मायनसची बटणं आणि स्क्रीन रीडर असं लिहिलेलं असतं, म्हणजे तपासणाऱ्याने बघून टिकमार्क करायला बरं. अहो, अंध माणसाकडे स्क्रीन रीडर त्याचा स्वतःचा असतो, त्याला तुमची साईट नीट बनवलेली हवी.

नियम नाहीत असंही नाही. सरकारी वेबसाईटसाठी केंद्राच्या गाइडलाइन्स २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाचं वेगळं कलम आहे. ३० एप्रिल २०२५ ला तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि अंधांचं होतं, केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात, आता ज्यांना मिचकवताच येत नाहीत त्यांनी काय करायचं. आपल्या राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

मला वाटतं घोडं अडतंय बिलापाशी. टेंडर निघतं, कंपनी साईट बनवते, साहेबांसमोर मोठ्या पडद्यावर डेमो होतो, माऊस हातात डोळस माणसाच्या, टाळ्या, बिल पास. माझं म्हणणं एवढंच की बिलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक अंध, एक हाताने अपंग आणि एक सत्तरी ओलांडलेला माणूस, अशांना कोणाच्याही मदतीशिवाय फॉर्म पूर्ण भरायला लावा. पावती निघाली तर पैसे द्या, नाहीतर दुरुस्त करून आणा म्हणा. ही अट टेंडरमध्येच टाकायला काय हरकत आहे? शिवाय नवीन बटण आलं, डिझाईन बदललं की परत हीच तपासणी, कारण एकदा चांगली केलेली साईट पुढच्या अपडेटला बिघडते हेही बघितलंय.

नाशिकमध्ये माणसं शोधायला लांब जायला नको, सातपूरला अंधांसाठी काम करणारी नॅब ही संस्था आहे, ज्येष्ठ नागरिक संघ तर गल्लोगल्ली आहेत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याच्या वेबसाईट आणि ॲप येतील, स्नानाला येणाऱ्यांत म्हातारी माणसं किती असतात ते रामकुंडावर उभं राहिलं की कळतं. बस कुठून सुटणार, पार्किंग कुठे, व्हीलचेअर कुठल्या घाटापर्यंत जाईल ही माहिती पोस्टरच्या फोटोत न टाकता साध्या मजकुरात टाका, आणि चाचणी आत्ताच घ्या, पर्वणीच्या आदल्या आठवड्यात नको. चाचणीला माणसं हवी असतील तर माझ्या दुकानात रोज येतात, मी विचारून ठेवतो.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड